तार, पिकअप आणि लाकूड : बेस गिटारच्या नादाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे इलेक्ट्रिक बेस गिटारविषयी आहेत आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : दोन वाद्ये शेजारी ठेवली की त्यांच्या नादातला फरक नेमका कोठून येतो. पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेस आणि जॅझ बेस यांपैकी एकाची निवड मला करायची आहे. दोन्ही वाद्यांची स्केल (खुल्या तारेची कंप पावणारी लांबी) ३४ इंच आहे, बॉडीचे लाकूड आल्डर आहे आणि तारांचा संचही एकाच जाडीचा आहे. तरीही पहिल्याचा आवाज भरीव लागतो आणि दुसऱ्याचा मोकळा व टोकदार. असे का?

उत्तर : आपण जे घटक सारखे असल्याचे लिहिले आहे, ते वगळल्यावर उरणारा सर्वांत मोठा भेद पिकअपच्या जागेचा आणि संख्येचा आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार त्या चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. त्यामुळे पिकअपला संपूर्ण तारेचे कंपन कधीच मिळत नाही, त्याच्या नेमक्या वर असलेल्या लहानशा तुकड्याचेच मिळते. आणि तारेचा प्रत्येक तुकडा सारख्या प्रमाणात हलत नाही.

खुली तार छेडल्यावर मूळ स्वराचे कंपन तारेच्या मध्यभागी सर्वांत रुंद असते आणि ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा जेथे टेकतात त्या टोकाकडे, जाताना ते निमुळते होत शून्यावर येते. हिशेब केला तर ब्रिजपासून एक-षष्ठांश लांबीवर मूळ स्वराचा झोका मध्यभागाच्या निम्मा भरतो आणि एक-द्वादशांश लांबीवर तो जेमतेम एक-चतुर्थांश उरतो. प्रिसिजनचा पिकअप साधारणपणे पहिल्या जागेच्या आसपास बसवलेला असतो आणि जॅझचा मागचा पिकअप दुसऱ्या जागेच्या जवळ, किंबहुना ब्रिजच्या बाजूला तिच्याही किंचित पलीकडे. उपस्वरांचे, म्हणजे मूळ स्वराबरोबरच तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांचे, मात्र उलट घडते. तारेच्या सहाव्या (मूळ स्वराच्या सहापट कंप्रतेच्या) उपस्वराचा एक स्थिरबिंदू बरोबर एक-षष्ठांश लांबीवर येतो, म्हणून तेथे ठेवलेल्या पिकअपला तो जवळजवळ मिळतच नाही. एक-द्वादशांशावर मात्र तोच उपस्वर पूर्ण जोमाने हलत असतो. ज्याला आपण ‘भरीव’ म्हणता तो मूळ स्वराचा आणि पहिल्या काही उपस्वरांचा वरचष्मा आहे. ‘टोकदार’ म्हणता तो मूळ स्वर कमी पडल्यामुळे पुढे आलेल्या वरच्या उपस्वरांचा.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. नेकवरच्या (वाद्याच्या लांब दांडीवरच्या) बाराव्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवले की कंप पावणारी लांबी निम्मी होते, पिकअप मात्र जागचा हलत नाही. म्हणजे खुल्या तारेसाठी जो एक-षष्ठांशावर होता, तो आता एक-तृतीयांशावर आला. एकाच वाद्याचा नाद वरच्या फ्रेटवर गोलसर होत जातो, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. दोन बेसची तुलना करताना फक्त खुल्या तारा छेडून निष्कर्ष काढू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता पिकअपच्या रचनेविषयी. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या मूळ प्रिसिजनला एकच साधा, एका वेटोळ्याचा पिकअप होता. आज आपण जो ओळखतो तो दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ मध्ये आला. त्याचा अर्धा भाग जाड दोन तारांखाली आणि अर्धा बारीक दोन तारांखाली असतो, आणि दोन्ही अर्ध्यांची वेटोळी व चुंबक परस्परविरुद्ध दिशेचे असल्याने वीजवाहिन्यांमुळे येणारी गुणगुण आपोआप रद्द होते. जाड तारांचा अर्धा भाग नेककडे आणि बारीक तारांचा ब्रिजकडे सरकवलेला असल्याने खालच्या तारांना वजन मिळते आणि वरच्या तारा उठून दिसतात.

१९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये एका वेटोळ्याचे दोन स्वतंत्र पिकअप आहेत आणि प्रत्येकाला आपापला व्हॉल्यूम आहे. दोन्ही सारखे उघडले की गुणगुण नाहीशी होते. फक्त एकच उघडला की ती परत ऐकू येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागी असल्याने काही उपस्वर एका पिकअपपाशी वर जात असताना दुसऱ्यापाशी खाली येत असतात आणि एकत्र मिसळताना ते परस्परांना खोडतात. मधल्या पट्ट्यात पडणारी ती पोकळी हीच जॅझ बेसची ओळख आहे. एक व्हॉल्यूम अगदी थोडा कमी करून पाहावा, पोकळी भरू लागते आणि आवाज पुढे येतो. हा बदल जॅझ बेसच्या मालकांनीसुद्धा पुरेसा वापरलेला दिसत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

निवडीबद्दल माझे मत विचारले आहे, म्हणून सांगतो. निरनिराळ्या शैली वाजवायच्या असतील, एकल वादनाची ओढ असेल तर जॅझ घ्यावा. चार-पाच वादकांच्या समूहात साथ हेच मुख्य काम असेल, तर मी प्रिसिजन घेईन, कारण त्याचा मधला पट्टा इतर वाद्यांत बुडत नाही. पण अंतिम निर्णय हातावर सोडावा : जॅझची नेक नटपाशी (तिच्या वरच्या टोकाला तारा जेथे टेकतात तेथे) सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते, तर प्रिसिजनची ४१ ते ४४ मिलिमीटर, आणि हा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा तळहाताला फार मोठा जाणवतो.

प्रश्न : माझ्या जुन्या बेसचा आवाज बसलेला, दबलेला वाटतो. पिकअप बदलावेत असा सल्ला मिळाला आहे. कोणते घ्यावेत?

उत्तर : आधी तारा बदला. आपल्या पत्रात त्या किती जुन्या आहेत याचा उल्लेख नाही, आणि आमच्याकडे अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा मूळ तेथेच असते. जाड तारेच्या गाभ्याभोवती जी दुसरी तार गुंडाळलेली असते, तिच्या फटींत घाम, तेल आणि धूळ साचते. त्यामुळे तारेचे वजन लांबीभर सारखे राहत नाही, वरचे उपस्वर लवकर विझतात आणि स्वरही अचूक लागत नाही. नवा पिकअप त्या मेलेल्या तारेचीच अधिक स्पष्ट नक्कल करील.

तारा निवडताना गुंडाळणीचा प्रकार पाहावा. गोल तारेने गुंडाळलेल्या राउंडवाउंड तारा चकचकीत, लांब टिकणारा नाद देतात. १९६० च्या दशकाच्या मध्यास ‘द हू’ या रॉक समूहाचे बेसवादक जॉन एन्टविसल यांनी रोटोसाउंड या कंपनीकडून अशा तारा सुधारून घेतल्यानंतर रॉक संगीतातला बेस पियानोच्या खालच्या सप्तकासारखा खणखणीत ऐकू येऊ लागला. चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत असतात, त्यांचा आघात गोल आणि टिकाव कमी असतो. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेसवादक जेम्स जेमर्सन यांचा प्रिसिजन ऐकावा : त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, त्या ते क्वचितच बदलत, ब्रिजच्या झाकणाखाली फोम होता आणि उजव्या हाताचे एकच बोट तारा छेडत असे. म्हणजे ज्याला आपण आत्ताच ‘बसलेला’ म्हटले, तोच आवाज त्या संगीताला हवा होता. जुन्या फ्लॅटवाउंड तारा म्हणूनच कोणी फेकू नयेत. घासून गुळगुळीत केलेल्या ग्राउंडवाउंड तारा या दोहोंच्या मध्ये पडतात. मला त्या कोणत्याच बाजूचे पूर्ण समाधान देत नाहीत, पण फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) वाद्यावर बोर्ड कमी झिजावा म्हणून अनेक जण त्या पसंत करतात.

नव्या तारा लावूनही आवाज दबलेलाच राहिला, तर पिकअपची उंची तपासावी. पिकअप फार खाली असेल तर आवाज क्षीण होतो. फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो, आणि विशेषतः जाड तारेवर वरच्या फ्रेटवर स्वर डळमळू लागतो. पेचकस आणि दहा मिनिटांचा वेळ एवढेच लागते. त्यानंतरही समाधान झाले नाही, तरच नव्या पिकअपचा विचार करावा.

प्रश्न : बॉडी अ‍ॅशची असावी की आल्डरची? मॅपलच्या फ्रेटबोर्डमुळे आवाज उजळ होतो, हे खरे का?

उत्तर : भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक वाद्यात लाकडाला पोकळ वाद्यासारखे हवा हलवण्याचे काम नसते. तारेची किती ऊर्जा दोन टोकांतून निसटून जाते आणि कोणत्या कंप्रतेला जास्त निसटते, एवढाच लाकडाचा वाटा. तो शून्य नाही, पण तारा, पिकअपची जागा आणि छेडण्याची जागा यांच्यापुढे तो लहान आहे, असे माझे ठाम मत आहे. शिवाय एकाच जातीच्या दोन फळ्या घनतेने एकमेकींपासून खूप वेगळ्या असू शकतात, त्यामुळे ‘अ‍ॅशचा आवाज’ असा एक ठरावीक आवाज सांगणे धाडसाचे आहे. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी कार्बन तंतू आणि रेझिनपासून बनवलेला, हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) नसलेला बेस आणला आणि व्यावसायिक वादकांनी तो मोठ्या संख्येने स्वीकारला; उत्तम बेसला लाकूड अपरिहार्य नाही, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

बॉडीपेक्षा नेककडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. ती लांब आणि बारीक असल्याने स्वतःही कंप पावते, आणि एखाद्या स्वराची कंप्रता तिच्या कंप्रतेशी जुळली तर तो स्वर ऊर्जा गमावून झटकन विझतो. अनेक बोल्टने जोडलेल्या बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा मृत स्वर सापडतो. वाद्य घेताना त्या तारेवर प्रत्येक फ्रेटचा स्वर सारख्या जोराने छेडून तो संपेपर्यंत ऐकावा. फ्रेटबोर्डच्या लाकडाबद्दल विचाराल, तर फ्रेट असलेल्या वाद्यावर तार लाकडाला टेकत नाही, फ्रेटच्या धातूला टेकते. म्हणून मॅपल की रोझवूड हा निर्णय स्पर्श आणि दिसणे यांवर घ्यायला हरकत नाही. फ्रेटलेसवर मात्र तार थेट बोर्डावर घासते, तेथे पृष्ठभागाचा कठीणपणा स्पष्ट ऐकू येतो. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या फ्रेटलेस जॅझ बेसच्या बोर्डावर इपॉक्सीचा थर दिला होता, आणि राउंडवाउंड तारा, मागचा पिकअप व ब्रिजजवळ छेडणारी बोटे यांच्या जोडीने त्यातून तो गाणारा स्वर निघाला.

वजन आणि तोल मात्र लाकडावरच अवलंबून असतात. पट्टा खांद्याला लावून दोन्ही हात सोडून पाहावेत. नेक खाली झुकत असेल, तर डावा हात आयुष्यभर ती उचलून धरण्यात खर्ची पडेल.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह बेस यांत नेमका फरक काय? अ‍ॅक्टिव्ह अधिक चांगला असतो का?

उत्तर : पॅसिव्ह वाद्यात पिकअप, व्हॉल्यूम आणि टोन एवढेच असते, आणि टोनची कळ उपस्वर फक्त कमी करू शकते. फेंडरच्या प्रचलित रचनेत २५० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. येथे केबलही परिपथाचा भाग बनते; लांब केबलमुळे वरचे उपस्वर कमी होतात. अ‍ॅक्टिव्ह वाद्यात बॉडीच्या आत बॅटरीवर चालणारा आणि संकेत वाढवणारा परिपथ, म्हणजे प्रीअ‍ॅम्प असतो, त्यामुळे खर्ज किंवा उंच स्वरांचा पट्टा वाढवताही येतो आणि केबलच्या लांबीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. पिकअप बहुधा दोन्हींत सारख्याच जातीचे असतात. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेने ही रचना लोकप्रिय केली. त्याचा मोठा दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप आणि प्रीअ‍ॅम्प मिळून जो कडक, लखलखीत आवाज येतो, तो अंगठ्याने ठोकून वाजवण्याच्या शैलीला विशेष साजतो.

चांगला-वाईट असा निवाडा येथे करता येणार नाही. प्रीअ‍ॅम्पमुळे सोय वाढते, पण वाद्यात नसलेला स्वरांश तो निर्माण करीत नाही. नव्याने शिकणाऱ्याने काही काळ पॅसिव्ह वाद्य वाजवावे, कारण त्यावर आवाज बदलण्यासाठी हात हलवावा लागतो : तीच तार नेकच्या टोकापाशी छेडली तर मऊ, ब्रिजपाशी छेडली तर कडक. अ‍ॅक्टिव्ह वाद्य घेतलेच, तर वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी. बहुतेक वाद्यांत केबल खोचली की बॅटरी सुरू होते, आणि रात्रभर खोचलेली राहिली की ९ व्होल्टची बॅटरी ऐन कार्यक्रमात मान टाकते.

प्रश्न : माझे हात लहान आहेत. ३० इंच स्केलचा बेस घेतला तर आवाजात काय गमवावे लागेल? आणि पाच तारांचे बेस ३५ इंचांचे का असतात?

उत्तर : तार तीच आणि स्वरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ वरून ३० इंचांवर आल्यास तो सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. ढिल्या तारेचा झोका मोठा असतो, आघात मऊ होतो, खर्ज फुगीर वाटतो आणि सर्वांत जाड तारेची कड थोडी पुसट होते. थोड्या जाड तारा वापरून यातले बरेचसे भरून काढता येते. उलट हाताला मिळणारा दिलासा मोठा आहे : पहिल्या ते चौथ्या फ्रेटचे अंतर ३४ इंची वाद्यावर सुमारे १३० मिलिमीटर असते, ३० इंची वाद्यावर ११४. पॉल मॅककार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर आखूड स्केलचाच होता, त्यामुळे हे वाद्य केवळ शिकाऊंचे आहे असे कोणी सांगितल्यास मनावर घेऊ नये. ताणलेल्या हाताने ३४ इंची बेस वाजवण्यापेक्षा मोकळ्या हाताने आखूड बेस वाजवणे केव्हाही बरे.

पाचव्या तारेचे गणित तेच, उलट दिशेने. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची तार ४१.२ हर्ट्झवर असते. पाचवी तार ३०.९ हर्ट्झवर. एवढ्या खाली तार ढिली पडून स्वर अस्पष्ट होतो, म्हणून काही निर्माते स्केल एक इंचाने वाढवतात आणि ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. हे पुरेसे आहे का, यावर वादकांत मतभेद आहेत. नेकचा ताठपणा आणि चांगली तार यांचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो.

प्रश्न : खुल्या तारा अचूक लावल्या, तरी बाराव्या फ्रेटच्या पुढे स्वर चढे लागतात. नेक खराब झाली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तेथेच हलक्या स्पर्शाने काढलेल्या उपस्वराशी ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे त्या तारेचे सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्यावे, उतरलेला असेल तर नेककडे आणावे. हे नेहमी नव्या तारांवर आणि ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) व तारांची उंची ठरवून झाल्यावरच करावे, नाहीतर दुसऱ्यांदा करावे लागते.

प्रश्न : वेगवेगळ्या बेसची तुलना करणारी ध्वनिमुद्रणे मी मोबाइलवर ऐकतो, पण फरक फारसा कळत नाही. उलट दुकानात जो बेस सर्वांत दमदार वाटला, तो समूहात वाजवताना ऐकूच येईना. दोष माझ्या कानांचा आहे का?

उत्तर : कानांचा अजिबात नाही. मोबाइलचा स्पीकर इतका लहान असतो की ४१ हर्ट्झचा मूळ स्वर तो निर्माणच करू शकत नाही. आपला मेंदू वरच्या उपस्वरांवरून तो स्वर ओळखतो, पण त्याचे वजन, म्हणजे या वाद्यांमधला अर्धा भेद, आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. तुलना चांगल्या हेडफोनवर ऐकावी.

दुकानातल्या अनुभवाची कारणे दोन असावीत. पहिले, आवाजाच्या पातळीचे. दोन वाद्यांपैकी किंचित मोठ्याने वाजणारे वाद्य कानाला नेहमीच अधिक भरदार वाटते, कारण पातळी वाढली की खालच्या कंप्रता आपल्याला प्रमाणाबाहेर जास्त ऐकू येतात. अ‍ॅक्टिव्ह बेसचा निर्गम (आउटपुट) बहुधा जास्त असतो, त्यामुळे तो शेजारच्या पॅसिव्ह बेसला पहिल्या क्षणीच मागे टाकतो. प्रत्येक वाद्यागणिक अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम बदलून पातळी सारखी करावी, सर्व टोन मध्यावर ठेवावेत आणि एकच साधी ओळ सगळ्यांवर वाजवावी; तारा किती जुन्या आहेत हेही विचारून घ्यावे.

दुसरे कारण मधल्या पट्ट्याचे. एकट्याने वाजवताना खर्ज आणि उंच स्वरांचा पट्टा वाढवून मधला कमी केलेला आवाज फार भव्य वाटतो. समूहात मात्र बास ड्रम खालची जागा घेतो, झांजा आणि गिटार वरची घेतात, आणि बेसला ओळखू येण्यासाठी साधारण २५० ते १००० हर्ट्झचा पट्टाच उरतो, जो आपण स्वतःच कापून टाकलेला असतो. पुढच्या सरावाला जाताना तोच बेस न्यावा, मधला पट्टा मध्यापेक्षा थोडा वर ठेवावा, खर्ज थोडा कमी करावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सहकाऱ्याला ऐकायला सांगावे. एकट्याने ऐकताना हा आवाज आपल्याला आवडणार नाही, तो थोडा नाकातला वाटेल. तरीही कळ तेथेच राहू द्यावी आणि संपूर्ण गाणे वाजवून झाल्यावरच ती बदलायची की नाही ते ठरवावे.